अमेरिकन नागरिकत्वाची सिव्हिक्स परीक्षा: तयारीचा क्रम आणि आपण हमखास करतो त्या चुका

अर्ज भरून झालेला असतो, 'शंभर प्रश्न आणि उत्तरं' असा व्हिडिओ रोज सकाळी चहाबरोबर ऐकलेला असतो, आणि मुलाखत तोंडावर आल्यावर कळतं की आपल्याला लागू असलेली सिव्हिक्सची, म्हणजे अमेरिकन नागरिकशास्त्राची, परीक्षा ती नव्हेच. दुसरी गंमत अशी की शाळेत शिकलेलं भारताचं नागरिकशास्त्र डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की प्रश्न अमेरिकेचा आणि उत्तर दिल्लीचं असं होतं. मराठी घरांतून, विशेषतः मुलांकडे येऊन स्थायिक झालेल्या आई-बाबांच्या बाबतीत, या दोन्ही चुका वारंवार दिसतात. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पाठांतर तिसऱ्या पायरीपासून सुरू होतं, त्याआधी नाही.

१. कोणती परीक्षा लागू आहे ते ठरवा

सध्या दोन परीक्षा चालू आहेत. तुमचा एन-४०० अर्ज (नागरिकत्वाचा अर्ज) २० ऑक्टोबर २०२५ च्या आधी दाखल झाला असेल तर २००८ ची जुनी परीक्षा: १०० प्रश्नांची यादी, त्यांतले जास्तीत जास्त १० विचारले जातात, ६ बरोबर आले की उत्तीर्ण. त्या तारखेला किंवा नंतर दाखल झाला असेल तर २०२५ ची परीक्षा: १२८ प्रश्नांची यादी, जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर हवेत. नव्या परीक्षेत १२ बरोबर किंवा ९ चूक झाली की ऑफिसर तिथेच थांबतो.

अर्ज दाखल झाल्याची तारीख पावतीच्या नोटिशीवर छापलेली असते. मुलाखतीची तारीख इथे गैरलागू आहे. आता नव्याने अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला २०२५ ची परीक्षाच आहे.

तपासा: हातातल्या यादीवर १२८ हा आकडा आहे का (जुनी परीक्षा असेल तर १००)? यादी यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज पाहणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. तिथे ती फुकट आहे. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ किती जुनी आहे ते त्यालाही माहीत नसतं.

अर्ज भरण्याआधीच हे वाचत असाल तर एवढं पाहून घ्या: ग्रीन कार्डवर ५ वर्षं (अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन एकत्र राहत असाल तर ३), त्यांतले निम्मे दिवस तरी प्रत्यक्ष अमेरिकेत, आणि सध्याच्या राज्यात ३ महिने. मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. आई-बाबांची गाडी अडते ती हिवाळ्यात भारतात राहायला जाण्यावर. एकाच खेपेत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलात, तर सलग वास्तव्य तुटलं नाही हे सिद्ध करण्याचा बोजा तुमच्यावर येतो. तो मुक्काम वर्षभराचा झाला तर सलग वास्तव्य तुटतंच.

२. सवलत खरोखर आहे का ते पाहा

'वय झालं की मराठीत परीक्षा देता येते' हा समज अर्धवट आहे. नुसत्या वयाने काहीच मिळत नाही. वय आणि ग्रीन कार्डवर इथे राहिलेली वर्षं, दोन्ही लागतात, आणि दोन्ही अर्ज दाखल करण्याच्या दिवशी मोजली जातात.

- वय ५० पूर्ण आणि २० वर्षं वास्तव्य, किंवा वय ५५ पूर्ण आणि १५ वर्षं वास्तव्य: इंग्रजीची परीक्षा माफ. सिव्हिक्स मात्र द्यावीच लागते, पूर्ण यादीवर, दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत.
- वय ६५ पूर्ण आणि २० वर्षं वास्तव्य: इंग्रजी माफ, शिवाय यादीतल्या फुलीसारखी खूण केलेल्या फक्त २० प्रश्नांचा अभ्यास. त्यांतले १० विचारतात, ६ बरोबर हवेत.

म्हणजे ६६ व्या वर्षी मुलाने बोलावलं म्हणून ग्रीन कार्डवर आलेल्या आणि ७१ व्या वर्षी अर्ज करणाऱ्या आजींना यातलं काहीही लागू होत नाही. त्यांना इंग्रजीही द्यावं लागतं आणि सगळ्या १२८ प्रश्नांची तयारीही करावी लागते. हे कटू आहे, पण अर्ज भरताना कळलेलं बरं. तयारीला वर्षभर जास्त देता येतं.

स्मृतिभ्रंश, पक्षाघाताचे परिणाम, बौद्धिक अपंगत्व अशी वैद्यकीय कारणं असतील तर एन-६४८ हा वेगळा फॉर्म आहे. तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भरावा लागतो आणि आजारामुळे शिकणं का शक्य नाही हे त्यात नेमकं लिहावं लागतं. पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र इथे चालत नाही. 'वयोमानाने विसरायला होतं' हे कारणही पुरत नाही.

सावधान: दुभाषा घेणार असाल तर घरचा माणूस शक्यतो टाळा. दुभाष्याने शब्दाला शब्द सांगायचं असतं. लेक किंवा सून समजावून सांगायला लागली, की ऑफिसर तिला थांबवू शकतो आणि मुलाखत पुढे जाऊ शकते.

३. राज्यव्यवस्थेचा सांगाडा, दिल्ली बाजूला ठेवून

१२८ प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न शासनपद्धती आणि हक्कांवर आहेत. इतिहासाची पानं आधी उघडू नका. आधी हा सांगाडा समजला तर पन्नासेक उत्तरं पाठ न करता येतात.

तीन शाखांपासून सुरुवात करा. कायदे करते ती काँग्रेस, राबवतो तो राष्ट्राध्यक्ष, अर्थ लावतात ती न्यायालयं. इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. वयस्कर मंडळींना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर 'काँग्रेसचे दोन भाग कोणते' या प्रश्नावर फुटीर गटांची नावं ऐकायला मिळतील. दोन भाग म्हणजे सिनेट आणि हाउस ऑफ रेप्रेझेंटेटिव्ह्ज.

आता भारतीय ज्ञान कुठे आडवं येतं ते एकेक करून पाहू.

सिनेट म्हटलं की राज्यसभा डोळ्यांपुढे येते. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १, आणि त्या आमदार निवडतात. सिनेटमध्ये कॅलिफोर्निया असो वा वायोमिंग, प्रत्येक राज्याचे २, एकूण १००, आणि १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीपासून त्यांना थेट जनता निवडते. मुदत दोन्हीकडे ६ वर्षं आहे, तेवढं डोक्यात तयारच आहे. सिनेटर संपूर्ण राज्याच्या लोकांचं प्रतिनिधित्व करतो. हाउसचा सदस्य फक्त आपल्या मतदारसंघाचं. हाउसमध्ये मतदानाचा हक्क असलेले ४३५ सदस्य, मुदत २ वर्षं. लोकसभेच्या ५ वर्षांची सवय असलेला माणूस इथे हटकून चुकतो. नव्या यादीत 'हाउसची मुदत सिनेटपेक्षा कमी का' असाही प्रश्न आहे. उत्तर: जनमताच्या अधिक जवळ राहावं म्हणून. 'प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर का' याचं उत्तर: लहान राज्यांना समान प्रतिनिधित्व.

आपल्याकडे राष्ट्रपती सही करतात आणि कारभार पंतप्रधान हाकतात. अमेरिकेत पंतप्रधान नाही. राष्ट्राध्यक्ष हाच कार्यकारी शाखेचा प्रमुख, सेनेचा सर्वोच्च प्रमुख, विधेयकांवर सही करणारा आणि नकाराधिकार वापरणाराही. मंत्रिमंडळातले लोक काँग्रेसचे सदस्य नसतात. म्हणून 'कॅबिनेट काय करतं' याचं उत्तर 'राज्य चालवतं' असं नसून 'राष्ट्राध्यक्षाला सल्ला देतं' असं आहे. राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षं, २२ व्या दुरुस्तीमुळे दोनच वेळा. आणि त्याची निवड ठरवतं ते इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींचं मंडळ.

गव्हर्नरला राज्यपाल समजू नका. राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. इथला गव्हर्नर लोक निवडतात आणि तोच राज्याचा कारभार चालवतो, म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळ जातो.

सर्वोच्च न्यायालयात ९ न्यायाधीश, निकालाला सहसा ५ लागतात. आपल्याकडे ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे, इथे नेमणूक आजन्म. 'का' विचारलं तर: राजकारणापासून स्वतंत्र राहावेत म्हणून.

सर्वांत उलटी गोष्ट दहाव्या घटनादुरुस्तीत आहे. भारतात ज्या विषयांचा कुठल्याच सूचीत उल्लेख नाही ते केंद्राकडे जातात. अमेरिकेत संघराज्य सरकारला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन्स ही राज्यांची कामं. चलन छापणं, युद्ध जाहीर करणं, तह करणं ही संघराज्याची.

घटनेचे आकडे: लिहिली १७८७ मध्ये, दुरुस्त्या २७, पहिल्या दहांना बिल ऑफ राइट्स म्हणतात.

तपासा: यादी मिटून, 'कायदा कसा होतो' हे घरातल्या कुणाला चार वाक्यांत मराठीतून सांगता येतं का पाहा. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

४. पत्त्यावर अवलंबून असलेली उत्तरं

यादीत काही प्रश्नांची उत्तरं छापलेलीच नाहीत, कारण ती तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतात: तुमच्या राज्याचा एक सिनेटर, तुमच्या मतदारसंघाचा हाउस सदस्य, गव्हर्नर, राज्याची राजधानी.

राजधानीत मोठ्या शहराचं नाव सांगण्याची चूक फार होते. न्यू जर्सीची ट्रेंटन, नूअर्क नाही. कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटो. टेक्सासची ऑस्टिन, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड, न्यू यॉर्कची ऑल्बनी, वॉशिंग्टन राज्याची ऑलिंपिया.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. राज्याचीही स्वतःची सिनेट असते आणि तिथेही सिनेटर असतात. गणेशोत्सवाला मंडळात येऊन भाषण करून गेलेले 'सिनेटर' बहुधा तेच. परीक्षेत हवा आहे तो वॉशिंग्टनला बसणारा. हाउसच्या संकेतस्थळावर पिन कोड, म्हणजे झिप कोड, घालून नाव काढा. एकाच झिप कोडमध्ये दोन मतदारसंघ येत असतील तर पूर्ण पत्ता विचारला जातो, तो द्या.

राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, हाउसचा स्पीकर, सरन्यायाधीश ही नावंही बदलतात. ही सगळी नावं एका कागदावर वेगळी लिहा आणि मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा पडताळा. मधल्या काळात निवडणूक झाली असेल किंवा तुम्ही घर बदललं असेल, तर कागद नव्याने करा. उत्तर मुलाखतीच्या दिवशी खरं असायला हवं.

५. इतिहास: थोडक्या खुंट्या पुरेत

इथे कालक्रमाने एक पट्टी काढा: १७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा (४ जुलै, लेखक थॉमस जेफरसन), १७८७ घटना, १८०३ लुइझियाना खरेदी (फ्रान्सकडून विकत घेतलेला प्रदेश), १८६१ ते १८६५ यादवी युद्ध आणि लिंकन, १९२० स्त्रियांना मताधिकार, १९२९ महामंदीची सुरुवात, मग दुसरं महायुद्ध, शीतयुद्ध, नागरी हक्कांची चळवळ, ११ सप्टेंबर २००१.

जाहीरनामा आणि घटना यांची अदलाबदल नेहमीची. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे वेगळे ठेवता येतात, तर हेही येतील. कानाला फसवणाऱ्या जोड्या दोन: 'सिव्हिल वॉर' आणि 'सिव्हिल राइट्स', 'मेमोरियल डे' आणि 'व्हेटरन्स डे'. मेमोरियल डे लष्करी सेवेत मृत्यू आलेल्या सैनिकांसाठी, व्हेटरन्स डे सेवा केलेल्या सगळ्यांसाठी. 'अमेरिकन इंडियन' जमातीचं नाव विचारलं तर चेरोकी किंवा नवाहो सांगा. इंडियन शब्द ऐकून स्वतःबद्दल बोलायला लागलेली मंडळी आहेत.

मूळ तेरा राज्यांपैकी पाच सांगायची असतात. पूर्व किनाऱ्यावर जिथे आपली मंडळं आहेत तीच सांगा: न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया. फ्लोरिडा आणि टेक्सास त्यात नाहीत.

सावधान: प्रश्नात 'दोन सांगा', 'तीन सांगा', 'पाच सांगा' असेल तर तितकी सांगायलाच हवीत. पाचपैकी चार बरोबर म्हणजे उत्तर चूक.

६. कानाने सराव

परीक्षा तोंडी आहे. पर्याय नसतात, कागद नसतो. ऑफिसर समोर बसून विचारतो आणि तुम्ही बोलता. तरीही बहुतेकांची तयारी डोळ्यांनी होते: यादी वाचायची, मान डोलवायची, पुढचं पान.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी विषयवार, दिवसाला आठ-दहा प्रश्न. सगळे एकदा झाले की क्रम मोडा, चिठ्ठ्या काढून विचारा. मग आवाज बदला: मुलगी, जावई, शेजारी, इथे वाढलेली नातवंडं. नातवंडांचा उच्चार ऑफिसरच्या जवळचा असतो, शिवाय ती दया दाखवत नाहीत. शेवटी फोनवरून सराव करा, कारण समोरच्याचे ओठ दिसत नसले की कान खरे तयार होतात.

उत्तर छोटं ठेवा. यादीतले शब्द जसेच्या तसे असण्याची सक्ती नाही, पण अर्थ तोच हवा. यादीत नसलेलं हुशार उत्तर देण्याचा मोह आवरा. 'राष्ट्राध्यक्षाचा एक अधिकार' विचारला की एकच सांगा. तीन सांगून तिसरा चुकवण्यात काय मिळतं?

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनीही सिनेटर, काँग्रेस, गव्हर्नर हे शब्द मराठी करू नयेत. सिनेटर आणि रेप्रेझेंटेटिव्ह दोघांनाही घरात 'खासदार' म्हणायची सवय लागली, की परीक्षेत कोणाला कोण म्हणायचं ते कळेनासं होतं. दुभाषा आधीच ठरला असेल तर तोही हेच शब्द वापरणार ना, हे बोलून घ्या.

तपासा: सलग तीन दिवस, उलटसुलट क्रमाने विचारलेल्या २० प्रश्नांत १६ तरी बरोबर येतात का? १२ वर समाधान मानू नका. खुर्चीत बसल्यावर दोन-तीन उत्तरं घाबरण्यातच जातात.

७. वाचन, लेखन आणि अर्जातले प्रश्न

इंग्रजी माफ नसेल तर तीनपैकी एक वाक्य मोठ्याने नीट वाचायचं आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचं. यासाठी लागणाऱ्या शब्दांच्या याद्या यूएससीआयएसने दिल्या आहेत आणि त्या छोट्या आहेत. अनेक कार्यालयांत टॅब्लेटवर स्टायलसने लिहावं लागतं, तेव्हा वयस्करांना घरच्या टॅब्लेटवर हात बसवू द्या. किरकोळ स्पेलिंग चुकलं तरी अर्थ कळत असेल तर चालतं, आकडा अंकांत लिहिलेला चालतो, पण शब्दाचं संक्षिप्त रूप चालत नाही.

बोलण्याची परीक्षा वेगळी नसते. ऑफिसर अर्जातले प्रश्न विचारतो, तुमचं इंग्रजी त्यावरूनच जोखतो. लोक नापास होतात ते पुष्कळदा इथे, सिव्हिक्समध्ये नव्हे. 'ओथ' (शपथ), 'अलीजन्स' (निष्ठा), 'बेअर आर्म्स', 'परसिक्यूट' (छळ करणं) असे शब्द आहेत, आणि 'हो, समजलं' म्हटल्यावर ऑफिसर 'मग सांगा, अर्थ काय' असं विचारतो. बेअर आर्म्स म्हणजे गरज पडल्यास देशासाठी शस्त्र हाती घेणं, एवढं साध्या इंग्रजी वाक्यात सांगता यायला हवं. आपला भरलेला अर्ज छापून घ्या आणि त्यातला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घ्या.

सावधान: अर्जात 'कधी मतदार नोंदणी केली आहे का, मत दिलं आहे का' असा प्रश्न आहे. संघराज्याच्या निवडणुकीत फक्त नागरिक मत देतात, हे सिव्हिक्सच्या यादीतही आहे. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना पुढे केलेल्या नोंदणीच्या चौकोनात ग्रीन कार्डधारकाने नकळत खूण केली, तरी प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. असं काही झालं असेल तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. मुलाखतीत पाहू, असं करू नका.

८. मुलाखतीचा दिवस आणि नंतर

नोटीस, ग्रीन कार्ड, राज्याचं ओळखपत्र, नवे-जुने सगळे पासपोर्ट सोबत न्या. अर्जानंतर केलेल्या प्रवासांच्या तारखा लिहून ठेवा.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. तसं विचारण्याला गुण कापत नाहीत. न कळताच 'येस, येस' म्हणणं मात्र घातक आहे, कारण समोरचा प्रश्न 'तुम्ही कधी गुन्हा केला आहे का' असाही असू शकतो. आणि मान हलवून उत्तर देऊ नका. आपली होकाराची मान त्यांना नकारासारखी दिसते. तोंडाने येस किंवा नो म्हणा.

एखादा भाग चुकला तर दुसरी संधी ६० ते ९० दिवसांत मिळते, आणि परीक्षा फक्त त्या भागाचीच होते. मिळालेल्या निकालपत्रावर कोणता भाग राहिला ते लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. नाहीतर वाचनात अडलेला माणूस अडीच महिने सिव्हिक्सच घोकत बसतो. दुसऱ्यांदाही राहिलं तर अर्ज नामंजूर होतो. मग ३० दिवसांत एन-३३६ भरून सुनावणी मागता येते, किंवा पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज.

उत्तीर्ण झालात तरी शपथ घेईपर्यंत तुम्ही नागरिक नाही. काही कार्यालयांत शपथविधी त्याच दिवशी होतो, काही ठिकाणी काही आठवड्यांनी बोलावतात. या मधल्या काळात मतदार नोंदणी करायची नाही.

शपथ घेतल्या क्षणी, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ नुसार, भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका. तो रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, अमेरिकन पासपोर्ट काढायचा आणि मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा. या तिन्हींना वेळ लागतो, म्हणून शपथेनंतरच्या महिन्यात मुंबईचं तिकीट काढून ठेवू नका.